काळ्या कोंबड्याचे श्रोते

तुमच्यापैकी कुणाचं दुमजली घर असेल, कुणाचा मुलगा डॉक्टर असेल. असू दे. माझं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे!

आणि चोरून नाही बरं का, रीतसर सरकारी परवाना घेऊन. केंद्राचं नाव ‘रेडिओ काळा कोंबडा’. पत्ता, आमच्या घरामागची डुकरांची जुनी शेड. डुकरं जाऊन जमाना लोटला, पण हवा दमट झाली की ती परत आल्यासारखी वाटतात. केंद्रसंचालक, निवेदक, तंत्रज्ञ आणि झाडूवाला एकच: मी, मानेस वेसेलिंक, दुधाच्या टँकरवरून निवृत्त झालेला माणूस.

केंद्राची शक्ती एक वॉट. एवढ्या विजेवर फ्रिजमधला दिवासुद्धा लागत नाही, असं माझी बायको लेइडा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण मीडियम वेव्हचं गणित निराळं असतं. आमच्या धुराड्यापासून शेजारच्या बेर्टुसच्या ओक झाडापर्यंत मी तार ताणली आहे. जमीन ओली असली की आवाज लांब जातो, आणि आमच्याकडे जमीन बारा महिने ओलीच असते. गावाच्या चर्चपर्यंत तर मी आरामात पोचतो. सूर्य कलला की कुठलंतरी परदेशी केंद्र माझ्या डोक्यावर चढून प्रवचन देऊ लागतं, तो भाग वेगळा.

आमचा ट्वेंटे भाग हॉलंडच्या पार पूर्वेला, जर्मनीच्या कुंपणाला टेकलेला. माझ्या तरुणपणी इथे एका घराआड एक चोरटं केंद्र होतं. गवताच्या गंजीत ट्रान्समीटर, खुराड्यात माइक! सरकारी गाडी शोध घेत आली की अख्खी गल्ली एकमेकांना सावध करायची. आणि ऐकणारे तरी किती! फोन खाली ठेवायला सवड नसे. कुणाला आत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या असत, कुणाला अकॉर्डियन हवं असे, कुणाला जर्मन प्रेमगीत. मग सरकारला एकदम शहाणपण सुचलं आणि त्यांनी छोट्या केंद्रांना परवाने द्यायला सुरुवात केली. झालं! लोकांचा उत्साहच गेला. जप्तीची भीती नसली की गाणं अळणी लागतं, असं बेर्टुस म्हणतो.

तरी मी नेटानं केंद्र चालवत होतो. रोज संध्याकाळी पाच वाजता ‘नमस्कार मंडळी’ म्हणून सुरुवात करायची आणि जेवणाची हाक येईपर्यंत पोल्का नाचाची गाणी वाजवायची, हा माझा नेम. सगळं सुरळीत चाललं होतं. पण मध्येच लेइडाचा हातमाग आला.

हा माग तिच्या मावशीचा. मावशी वृद्धाश्रमात गेली आणि माग आमच्या झोपायच्या खोलीत आला. खोलीत आता माग राहतो आणि उरलेल्या जागेत आम्ही. झोपेत पाय लांब केले की माझी बोटं सुतात अडकतात आणि लेइडा मला नाही, सुताला काही झालं का ते आधी बघते. शेवटी तिनं मला शेडच्या दारात गाठलं.

“या महिन्याअखेर मला एक श्रोता दाखव,” ती म्हणाली. “घरचा नको. परका आणि स्वतःहून आलेला. नाहीतर शेडमध्ये माग जाईल आणि तुझा कोंबडा माळ्यावर.”

“एकच?” मी हसलो. “अगं, रांग लावून दाखवतो!”

मंडळी, माणसानं हसावं, पण जरा बघून हसावं.

मी रोज दर दोन गाण्यांनी फोन नंबर सांगायला लागलो. फोन एकदाच वाजला. विमा विकणारा होता. मी त्याला कोणतं गाणं ऐकायला आवडेल असं विचारलं, तर त्यानंच घाईघाईनं फोन ठेवून दिला. विमेवाल्यानं पळ काढलेला मी तोवर पाहिला नव्हता. महिना संपत आला. केंद्र माळ्यावर जाणार या विचारानं मला खरोखरच घास गोड लागेना. टँकर सुटल्यापासून माझं म्हणावं असं ते एवढंच होतं.

तेव्हा मला एक जुनी युक्ती आठवली. दही लावायचं तर विरजण लागतं. लोक फर्माइश कधी करतात? दुसऱ्यानं केलेली ऐकली की! म्हणजे पहिली फर्माइश आपणच आपल्याला करायची. सगळेच जुने केंद्रवाले असं करायचे, फक्त कबूल करायचे नाहीत.

आता शुभेच्छा द्यायच्या कुणाला? गावातलं नाव घ्यावं तर दुसऱ्या दिवशी तोच माणूस दारात उभा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गल्लीतलं शेवटचं घर नुकतंच विकलं गेलं होतं. उट्रेख्टकडचे कुणी एक पुरुष आणि एक बाई पडद्यांची मापं घेऊन गेली होती आणि शनिवारी राहायला येणार होती. त्यांना इथलं कुणी ओळखत नाही, ती माझं केंद्र ऐकत नाहीत. एकदम बिनधोक!

मंगळवारी मी घसा साफ केला आणि माइकवर म्हणालो, “आता एक खास फर्माइश आली आहे. आपल्या गल्लीतल्या शेवटच्या घरात येणाऱ्या नव्या जोडप्याच्या लग्नाला येत्या शनिवारी साडेबारा वर्षं होत आहेत. त्यांच्या सगळ्या मित्रांकडून त्यांना भरभरून शुभेच्छा!” आणि वर एक झकास पोल्का लावला.

साडेबाराच का, असं तुम्ही विचाराल. पंचवीस वर्षं झाली की चांदीचं लग्न, तसं आमच्याकडे त्याच्या निम्म्यावर तांब्याचं लग्न साजरं होतं. डच माणूस सावध. पंचविसापर्यंत टिकेल न टिकेल, अर्धं तरी पदरात पाडून घ्यावं!

एक गोष्ट मात्र मी साफ विसरलो. शेजारधर्म.

आमच्याकडे शेजारधर्म म्हणजे वाटीभर साखर देणं नव्हे. तो कायद्याच्या वर आहे. बाळ झालं की शेजाऱ्यांनी धावायचं, कुणी गेलं की शेजाऱ्यांनीच खांदा द्यायचा, आणि लग्नाचा असा वाढदिवस आला की सर्वांत जवळच्या शेजाऱ्यांनी त्या घराच्या दाराला पाइनच्या फांद्यांची कमान बांधून तिच्यावर कागदी गुलाब लावायचे. ज्या दाराला कमान चढली नाही, त्या दाराच्या शेजाऱ्यांचं नाक कापलं गेलं म्हणून समजा.

गुरुवारी सकाळी मी बाहेर आलो तर बेर्टुस हातगाडीभर पाइनच्या फांद्या घेऊन चालला होता. बेर्टुस हा आडदांड माणूस, पण अकॉर्डियन असं वाजवतो की गाईच्यासुद्धा डोळ्यांत पाणी यावं.

“कमानीचं काम काढलंय की काय?” मी सहज विचारलं.

“मग काय करू? तूच सांगितलंस ना रेडिओवर? शेवटच्या घरातल्यांचं तांब्याचं लग्न आहे म्हणून,” बेर्टुस म्हणाला. “त्यांचा पहिला शेजारी कोण? मी. दुसरा कोण? तू. ती माणसं उघड्या दारातून आत गेली असती, तर मी गावात तोंड दाखवायचं कुठे?”

तूच सांगितलंस ना रेडिओवर! हे शब्द मी त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले. माझे पाय जमिनीवर राहिनात. ऐकतात! लोक ऐकतात! मी घराकडे धावत सुटलो आणि अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, की कमान ज्या लग्नासाठी बांधली जाते आहे ते लग्न मी शेडमध्ये बसून लावलं आहे.

आता काय करावं? खरं सांगावं तर थाप उघडी पडते आणि शेड जाते. गप्प बसावं तर शनिवारी ती माणसं स्वतःच बोंब मारणार. मग मी मनाची समजूत घातली. कुणी सांगावं, त्यांच्या लग्नाला खरंच साडेबारा वर्षं झाली असतील! कुणाला ना कुणाला ती होतच असतात.

त्या संध्याकाळी बेर्टुसच्या गोठ्यात गुलाब करायला अख्खी गल्ली जमली. बेर्टुसची बायको मिनी सगळ्यांवर मुकादम. टेबलावर लाल-पांढऱ्या कागदाचे ढीग, तारेची भेंडोळी, आणि पेल्यांत अंड्याची ती पिवळी दारू, जी आमच्या बायका पीत नाहीत, चमच्यानं खातात. म्हणजे मग ती दारू राहत नाही.

मी मिनीला हळूच विचारलं, आवाज स्वच्छ येतो ना आमच्या केंद्राचा? तिनं माझ्या हातात कागद कोंबला आणि आवाजाचं नंतर बघू, आधी पाकळ्या वळव, असं फर्मावलं. मी पाकळ्या वळवत लेइडाशेजारी सरकलो.

“बघितलंस? एक मागितला होतास. मी अख्खी गल्ली दिली.”

लेइडानं गुलाबावरची नजर काढली नाही. तार पिळतच ती म्हणाली, “फोन खरंच आला होता ना रे?”

मी होकारार्थी मान हलवली. मान हलवायला शब्द लागत नाहीत, त्यामुळे ते खोटं बोलण्यात धरत नाहीत, असं माझं त्या वेळचं मत होतं. लेइडा हसली. तिला इतकं मनापासून हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि मी घाईघाईनं पुढचा कागद ओढून घेतला.

पुढे तर कहरच झाला. कमानीवर लावायचा आकडा तांब्याच्या पत्र्यातून कापायचं काम माझ्याकडे आलं. का, तर बातमी मी दिली होती म्हणून मान माझा! माझ्याच थापेचा आकडा मी माझ्याच हातांनी कापला, घासला आणि लखलखीत केला. शुक्रवारी धीर करून बेर्टुसकडे गेलो. तो शिडीवर होता.

“बेर्टुस, समजा, त्या शुभेच्छेत काही चूक असली तर...”

“ती दोरी धर आधी,” तो वरून म्हणाला.

मी दोरी धरली. दोरी सुटली तेव्हा कमान उभी होती, आणि काय सांगू, अशी देखणी कमान आमच्या गल्लीत पूर्वी झाली नव्हती. इतक्या सुंदर वस्तूसमोर खरं बोलणं मला असभ्यपणाचं वाटलं.

शनिवार उजाडला. सगळे ठेवणीतले कोट घालून कमानीजवळ उभे. सामानाचा ट्रक आला. त्यातून एक उंच, सडपातळ, चष्मेवाला गृहस्थ उतरला आणि मागून कुंडी छातीशी धरलेली एक बाई. बेर्टुसनं अकॉर्डियन छेडलं, सगळ्यांनी गाणं सुरू केलं. ती दोघं आधी आमच्याकडे बघत राहिली, मग कमानीकडे, मग माझ्या चकचकीत साडेबाराकडे. गृहस्थानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आमच्या गल्लीच्या गाण्यापुढे कुणाचंच काही ऐकू येत नाही.

गाणं संपलं तसा बेर्टुस पुढे झाला. त्यानं सांगितलं, की आमच्याकडे नवराबायकोनं एकमेकांचा मुका घेतल्याशिवाय शेजारी कमानीतून आत सोडत नाहीत. गृहस्थानं बाईकडे पाहिलं. बाईनं कुंडीकडे पाहिलं. शेवटी त्यानं तिच्या कपाळाला ओठ लावल्यासारखं केलं. मागून मिनीचा आवाज आला, की बघा, याला म्हणतात संस्कार, नाहीतर आमचा दांडगोबा!

मी हळूच मागच्या रांगेत सरकलो. पण बेर्टुस थांबतोय कसला!

“आता एक रीत राहिली,” तो म्हणाला. “तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठे भेटलात, ते शेजाऱ्यांना सांगा.”

गृहस्थानं चष्मा पुसला. “घरीच भेटलो,” तो म्हणाला. “मी चार वर्षांचा होतो. आईनं हिला दवाखान्यातून दुपट्यात गुंडाळून आणलं. मी म्हणालो होतो, नको, परत देऊन या.”

बेर्टुसच्या हातातलं अकॉर्डियन उघडं ते उघडंच राहिलं.

“आम्ही बहीणभाऊ आहोत हो,” बाई म्हणाली. “मी विलेमाइन, हा कास्पर. साडेबारा बघितलं तेव्हाच कळलं काहीतरी घोटाळा आहे. पण एवढी माणसं, एवढे गुलाब! नाही म्हणायला जीभच उचलेना. कपाळापर्यंत ठीक होतं. पण तुम्ही आणखी काही करायला लावायच्या आत म्हटलं बोलून टाकू.”

सगळ्या माना वळल्या. माझ्याकडे.

“मानेस,” बेर्टुस म्हणाला, “ती शुभेच्छा दिली कुणी होती?”

“मी,” मी म्हणालो.

“ते ठाऊक आहे. तुला फोन कुणी केला होता?”

“कुणीच नाही. मीच रचली. कुणी फोन करत नाही म्हणून.”

मी मान वर केली ती फक्त लेइडाकडे बघायला, आणि तिनं तोंड फिरवलं. बेर्टुस रागावेल, मिनी लाटणं घेईल, याची माझी तयारी होती. पण त्या फिरवलेल्या तोंडानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेर्टुसनं अकॉर्डियन मिटलं. त्यातून लांबलचक सुस्कारा निघाला आणि सगळ्यांच्या वतीनं तेवढाच पुरे झाला. दोन दिवस हातांना लागलेला पाइनचा चीक निघत नाहीये, एवढंच तो बोलला.

मिनीनं मात्र परिस्थिती हातात घेतली. उभी राहिलेली कमान, तिच्या नावानं प्यायल्याशिवाय, उतरवायची नाही, ही वाडवडिलांपासूनची रीत आहे, आणि रिकाम्या घरात माणसं आली हे काही लहान निमित्त नाही, असं तिनं जाहीर केलं. कास्परलाही ते पटलं. उट्रेख्टला वरच्या मजल्यावर कोण राहतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आणि इथे आल्याआल्या अख्ख्या गल्लीनं त्याला बहिणीचा मुका घ्यायला लावला, यापेक्षा जास्त ओळख ती काय व्हायची, असं तो म्हणाला. विलेमाइननं खोकी फोडून पेले काढले. कुणी खोक्यावर बसलं, कुणी गुंडाळलेल्या गालिच्यावर. जिनच्या बाटल्या आल्या, मनुकांचा पाव आला, बेर्टुसचं अकॉर्डियन पुन्हा बोलू लागलं.

दोन पेले पोटात गेल्यावर माझीही हिंमत परतली. चूक झाली ती झाली. पण एक गोष्ट तर सिद्ध झाली होती ना! मी एका खोक्यावर चढलो.

“मंडळी, मी चुकलो,” मी म्हणालो. “पण रेडिओ काळा कोंबडा ऐकला जातो हे तुम्हीच दाखवून दिलंत. माझी ती शुभेच्छा ज्यांनी ज्यांनी कानांनी ऐकली, त्यांनी हात वर करा.”

हात वर गेला नाही. एकही नाही.

“लाजू नका,” मी म्हणालो. “बेर्टुस, तू तर म्हणालास, रेडिओवर सांगितलंस म्हणून!”

“रेडिओवर सांगितलंस असं मला मिनी म्हणाली,” बेर्टुस म्हणाला. “माझ्याकडे मीडियम वेव्हचा रेडिओ कुठाय?”

बाकीचे माना डोलावू लागले. त्यांनाही मिनीनंच सांगितलं होतं. मी मिनीकडे पाहिलं. मिनीनं हनुवटीनं खिडकीकडे खूण केली.

“मला हिनं सांगितलं. बुधवारी सकाळी अंडी न्यायला आली तेव्हा.”

खिडकीजवळ लेइडा उभी होती. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

“बटाटे सोलताना लावते,” ती म्हणाली.

“रोज?”

“रोजच. तू ‘नमस्कार मंडळी’ म्हणतोस. मला वाटतं, कुणीतरी उलट नमस्कार म्हणायला हवं. मग मी म्हणते.” तिनं पेला ठेवला. “तुला सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास. आणि परवा वाटलं, खरंच कुणीतरी फोन केला याला. म्हणून तर मिनीकडे धावत गेले.”

मी खोक्यावरून खाली उतरलो. इतकी वर्षं मी गावभर, चर्चपर्यंत, जर्मनीच्या हद्दीपर्यंत बोलतोय असं समजत होतो, आणि माझा आवाज अंगण ओलांडून स्वयंपाकघरात जात होता. पण तिथे त्याला कुणीतरी नमस्कार म्हणत होतं. मला भरून आलं, आणि ते जिनमुळे नव्हतं.

“म्हणजे श्रोता मिळाला की!” मी म्हणालो.

“घरचा नको असं ठरलं होतं,” लेइडा म्हणाली. बायकांचं हे असं असतं. डोळ्यांत पाणी आलं तरी अटी विसरत नाहीत.

सोमवारी बेर्टुस आणि कास्परनं माग उचलून शेडमध्ये नेला. पण माझं केंद्र माळ्यावर गेलं नाही, लेइडानंच जाऊ दिलं नाही. अर्धी शेड तिची, अर्धी माझी. आता रोज पाच वाजता मी ‘नमस्कार मंडळी’ म्हणतो आणि मागावरून लगेच ‘नमस्कार’ येतो. बटाटेसुद्धा ती इथेच आणून सोलते. मी बोलतो, माग खटखटतो, पोल्का वाजतो. इतका जिवंत कार्यक्रम मी आजवर केला नव्हता.

फक्त एक अडचण झाली आहे. स्वयंपाकघरातला रेडिओ आता बंद असतो. निवेदक समोर बसलेला असताना बाई रेडिओ कशाला लावेल? काळ्या कोंबड्याला सबंध ट्वेंटेत एक श्रोता होता, आणि तो मी स्वतःच्या हातांनी स्टुडिओत आणून बसवला!